आधी ओळंबा, मग दुर्बीण

(प्रस्तावना)

हवाबंदुकीवर दुर्बीण चढवणं हे तासाभराचं काम आहे, असं विकणारा सांगतो आणि घेणाऱ्यालाही ते पटतं. चार-सहा स्क्रू आणि एक एलन की, एवढाच तर मामला. दुर्बीण बसली की गच्चीवर नाहीतर घराच्या बोळात दहा मीटरवर कागद लावायचा, पाच-सात छर्रे मारायचे, ते मधोमध पडले की काम फत्ते. पुढे कधीतरी रेंजवर पन्नास मीटरचा नेम धरायची वेळ येते आणि तेच छर्रे एका अंगाला कलू लागतात. दोष वाऱ्याला दिला जातो, छर्ऱ्यांचा डबा बदलला जातो, दुर्बीण तर हमखास बोलणी खाते. दोष बहुतेक वेळा बसवणीत किंवा बंदूक धरण्यात असतो आणि दहा मीटरवर तो दिसतच नाही. ही पुस्तिका या न दिसणाऱ्या दोषासाठी लिहिली आहे.

तो का दिसत नाही, हे समजलं की अर्धी पुस्तिका वाचून झाली म्हणायची. दुर्बीण नळीच्या वर साधारण ४५ मिलिमीटरवर बसते. डोळ्यातून निघालेली नेमाची रेषा सरळ जाते. छर्रा मात्र नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागतो. म्हणून नळी नेमाच्या रेषेच्या मानानं किंचित वर रोखलेली असते, आणि छर्रा चढून, वळून, ठरलेल्या अंतरावर त्या रेषेला येऊन मिळतो. सेकंदाला २४० मीटर वेगानं सुटलेला साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा दहा मीटर जाईपर्यंत जेमतेम नऊ मिलिमीटर पडतो. पन्नास मीटर जाईपर्यंत मात्र तो सव्वीस-सत्तावीस सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून जास्त पडलेला असतो. ही पडझड भरून काढायला नळी तेवढीच वर रोखावी लागते. बंदूक सरळ धरली असेल तर हे वर रोखणं नीट वरच्या दिशेला होतं. ती पाच अंश उजवीकडे कलली असेल, तर रोखण्याचा थोडा भाग उजवीकडे वाहून जातो. हिशेब सोपा आहे : पडझड गुणिले कलण्याच्या कोनाची ज्या (साइन). दहा मीटरवर हा फरक एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही, छर्ऱ्याच्या भोकात तो गडप होतो. पन्नास मीटरवर तोच फरक सव्वादोन सेंटीमीटर होतो. पाच अंश म्हणजे किती, तर घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो. एवढं कललेलं डोळ्याला कळत नाही, हातालाही कळत नाही.

मग कळणार कशानं? या पुस्तिकेचं सगळं सांगणं या प्रश्नाच्या उत्तरात आहे. बंदुकीचा दस्ता, दुर्बिणीच्या चकत्यांची टोपणं, बंदुकीवरची खाच, घराच्या दाराची चौकट, ही सगळी माणसानं घडवलेली अंगं आहेत आणि प्रत्येकात थोडीफार खोट असते. छर्रा ज्या दिशेला पडतो ती दिशा एकच आहे आणि ती पृथ्वी ठरवते. ती दिशा घरात बसून दाखवणारं साधन म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन, गवंड्याचा ओळंबा. दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्याशी जुळली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

आमच्या अमरगोळात ही गोष्ट नव्यानं सांगायला नको. हुबळी आणि धारवाड यांच्या मधलं हे गाव आज नवनगरच्या वस्तीत आणि बाजार समितीच्या आवारातल्या गाड्यांच्या गर्दीत मिसळून गेलं आहे, पण चालुक्य काळातलं शंकरलिंगाचं देऊळ इथे उभं आहे. जवळच उणकलला चंद्रमौळीश्वराचं देऊळ आहे. ज्या कारागिरांनी हे दगड चढवले, त्यांनी प्रत्येक खांब उभा करताना दोऱ्यालाच विचारलं असणार. शेजारच्या खांबाकडे पाहून खांब उभा केला, तर पहिल्याची चूक शेवटच्यापर्यंत जाते. बंदुकीच्या अंगावर पाणसळ ठेवून दुर्बीण सरळ करणारा माणूस नेमकं हेच करत असतो.

ओळंब्यावर इतका भार टाकावा का, असा प्रश्न कुणी केला तर त्याचं उत्तर हिंदुस्थानच्या मोजणीच्या इतिहासात आहे. विल्यम लॅम्ब्टन यानं १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी पुढे द्वीपकल्प ओलांडून हिमालयाच्या पायथ्याशी गेली. लॅम्ब्टन स्वतः १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्टनं काम पुढे नेलं. कलियाना आणि कल्याणपूर या दोन ठिकाणांमधलं अंतर जमिनीवरून मोजून एक आलं आणि ताऱ्यांच्या वेधावरून दुसरं आलं. कोनाच्या मापात फरक होता ५.२३६ विकलांचा. तारे मोजताना यंत्र ओळंब्याच्या आधारानं लावलेलं असतं. तेव्हा हिमालयाचं वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असावं, असा विचार पुढे आला. जॉन प्रॅट यांनी १८५५ साली हिशेब मांडला तर ओढ या फरकाच्या तिप्पट यायला हवी होती. या कोड्यातूनच, पर्वतांच्या मुळाशी हलका खडक असतो आणि पृथ्वीचं कवच खालच्या जड थरावर तोललेलं असतं, ही कल्पना भूशास्त्रात रुजली. आपल्यासाठी त्यातला बोध छोटा आहे. हिमालयासारखा पर्वत ओळंब्याला ढळवतो तो अंशाच्या सुमारे सातशेव्या भागानं. आपल्या बंदुकीच्या कामात अर्धा अंश साधला तरी खूप झालं. घरात टांगलेल्या दोऱ्याइतका सच्चा साक्षीदार दुसरा नाही.

दुर्बिणीच्या आतल्या रेघांचीही अशीच एक कथा आहे. १६४० च्या सुमारास इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या विल्यम गॅस्कॉइन या तरुणाला आपल्या दुर्बिणीत कोळ्याच्या जाळ्याचा धागा स्पष्ट दिसला. भिंगाच्या केंद्रप्रतलात धागा आला की तो दूरच्या चित्रावर काढलेल्या रेघेसारखा दिसतो, हे त्यानं ओळखलं आणि दुर्बीण पाहण्याबरोबर नेम धरण्याचंही साधन झाली. हा गॅस्कॉइन १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत मारला गेला. पुढे दोनशे वर्षांनी, १८४० च्या दशकात, अमेरिकेत युटिकाच्या मॉर्गन जेम्ससारखे कारागीर नळीइतक्या लांब दुर्बिणी रायफलींवर बसवू लागले. धागा जाऊन काचेवर कोरलेली रेघ आली, तरी तिचं काम तेच राहिलं : दूरच्या चित्रावर एक उभी आणि एक आडवी दिशा ठरवणं. ती उभी रेघ खरोखर उभी नसेल तर महागातली भिंगंही काही कामाची नाहीत.

रायफलचं नाव काढलं की आपल्या भागात ऑलिंपिकची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी पॅरिसच्याच पॅरालिम्पिकमध्ये कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर आणि आमच्या हुबळीचे श्रीहर्ष देवरड्डी रायफल घेऊन उतरले. या खेळाडूंच्या रायफलीवर दुर्बीण नसते. नियमानं तिथे भिंगाची दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची चकती आणि पुढे माशीच्या जागी कडं, यांतूनच नेम धरायचा असतो. त्यांच्यापैकी कित्येक जण रायफल मुद्दाम थोडी आपल्या डोक्याकडे कलवून धरतात, म्हणजे मान सरळ राहते. आमच्या मुलांना इथे गोंधळायला होतं : एवढे मोठे नेमबाज कलवून धरतात, मग आम्हालाच सरळचा आग्रह कशाला? उत्तर असं, की त्यांचं लक्ष्य कायम एकाच अंतरावर असतं आणि त्यांचा कल प्रत्येक गोळीला तोच असतो. तो कल धरूनच त्यांनी नेम मिळवलेला असतो. दुर्बीणवाला आज वीस मीटरवर, उद्या चाळीसवर नेम धरतो. अंतर बदललं की पडझड बदलते, आणि पडझड बदलली की कलाची चूकही बदलते. म्हणून त्याला सरळपणाचं बंधन जास्त.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पुढच्या प्रकरणांत ते पायरीपायरीनं येईल. इथे फक्त त्याचा क्रम आणि त्यामागचं कारण सांगतो.

पहिली पायरी पकडीची. स्प्रिंगच्या हवाबंदुकीला दोन झटके असतात. चाप ओढला की आतला दट्ट्या पुढे धावतो आणि बंदूक मागे येते. दट्ट्या पुढच्या टोकाला हवेच्या गादीवर आदळला की बंदूक पुढे उसळते. या पुढच्या उसळीत जड दुर्बीण जागेवरच राहू पाहते आणि दर गोळीला केसभर मागे सरकते. म्हणून अशा बंदुकीवर, तिच्या अंगावरच्या ११ मिलिमीटरच्या खाचेत बसणारा एकसंध माउंट घ्यावा आणि त्याची थांबखुंटी बंदुकीवरच्या भोकात नीट बसवावी. साध्या रायफलीसाठी बनवलेली दुर्बीण या उलट्या झटक्यानं आतून खिळखिळी होते, तेव्हा हवाबंदुकीसाठी बनवलेलीच घ्यावी. खाच, माउंट आणि दुर्बिणीला धरणाऱ्या त्याच्या कड्यांचा आतला भाग स्पिरिटनं पुसून तेलाचा अंशही ठेवू नये. तेल गंजापासून वाचवतं, पण पकडीचं ते वैरी आहे.

दुसरी पायरी डोळ्याची. कडी हाताच्या चिमटीएवढीच आवळून दुर्बीण सर्वांत मोठ्या आकारावर फिरवावी. डोळे मिटून गाल दस्त्यावर नेहमीसारखा टेकवावा, मग डोळे उघडावेत. चित्राभोवती काळी कडा दिसली तर दुर्बीण पुढे-मागे करावी, गाल हलवू नये. मान दुर्बिणीच्या सोयीनं वळू लागली की दर गोळीला नवी जागा घेते.

तिसरी पायरी आरशाची, आणि ही फार थोड्यांना ठाऊक आहे. बंदूक रिकामी आहे हे नळी उघडून डोळ्यांनी पाहिल्यावरच तिला हात लावावा. समोर तीन-चार मीटरवर भिंतीला आरसा टेकवावा, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर आडवी ठेवावी आणि दुर्बीण सगळ्यांत लहान आकारावर करावी. आता तिच्यातून आरशात पाहिलं की आपल्याच दुर्बिणीचं पुढचं भिंग दिसतं. फुलीचा मध्य त्या भिंगाच्या मध्यावर आणावा. बरोबर खाली नळीचं तोंड दिसेल. उभी रेघ त्या तोंडाच्या मधोमध गेली पाहिजे. ती बाजूला जात असेल तर कड्यांत दुर्बीण जरा फिरवावी. या एका कृतीनं दुर्बिणीची उभी रेघ आणि नळी एका प्रतलात येतात, आणि त्यासाठी बंदुकीच्या कुठल्याही सपाट अंगावर भरवसा ठेवावा लागत नाही. बऱ्याच हवाबंदुकींना वरून सपाट असं अंगच नसतं, हे लक्षात घेतलं की आरशाचं मोल कळतं.

चौथी पायरी ओळंब्याची. जुन्या घरांत झोपाळ्याची कडी असते. तिच्याइतकी सोयीची जागा नाही. पांढरा जाड दोरा, खाली एखादा नट किंवा खरा ओळंबा, आणि तो पाण्याच्या बादलीत बुडेल असा सोडावा. पाण्यामुळे दोऱ्याचं हेलकावणं थांबतं. श्रावणात इथे वारा घरभर फिरतो, तेव्हा बादली हवीच. अंधार करून दुर्बिणीच्या पुढच्या भिंगात टॉर्च मारला की मागच्या भिंगातून रेघांची सावली त्या भिंगासमोरच्या भिंतीवर पडते. तिथेच भिंतीलगत दोरा टांगलेला असेल तर रेघ आणि दोरा एकमेकांशेजारी दिसतात, आणि एक अंशाचा फरकही लपत नाही. बंदूक हळूहळू फिरवून रेघ दोऱ्याला समांतर आणावी, आणि बंदूक तशीच धरून ठेवत दुर्बिणीच्या नळीवर छोटी पाणसळ आवळावी. तिचा बुडबुडा मधोमध असताना आवळली, की पुढे आयुष्यभर ती ओळंब्याची साक्ष देत राहते. रेंजवर दोरा नेता येत नाही, बुडबुडा नेता येतो.

आरसा की ओळंबा, कुठला मोठा, असं विचारलं तर मी ओळंब्याच्या बाजूनं बोलेन. दुर्बीण बंदुकीच्या मानानं तीन अंश फिरलेली राहिली आणि बंदूक धरताना रेघ ओळंब्यात ठेवली, तर नळी बाजूला जाते ती ४५ मिलिमीटरच्या हिशेबानं, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आत. नेम मिळवलेल्या अंतरावर तेवढाही फरक उरत नाही. उलट, दुर्बीण बंदुकीवर अगदी चोख बसली आणि बंदूकच तीन अंश कलवून धरली, तर पन्नास मीटरवर दीड सेंटीमीटरची चूक होते. बंदुकीशी असलेला सरळपणा उपयोगाचा आहे. जमिनीशी असलेला सरळपणा अनिवार्य आहे. बसवणीवर खूप वेळ घालवून धरण्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

पाचवी पायरी आवळण्याची. कड्यांचे स्क्रू तिरप्या क्रमानं, अर्धा-अर्धा फेरा देत आवळावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी राहते आहे हे पाहावं. एका बाजूचा स्क्रू आधी पुरता आवळला की तो दुर्बिणीला आपल्याकडे वळवतो आणि ओळंब्याचं सगळं काम पाण्यात जातं. जोर किती द्यायचा हे बनवणाऱ्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेवढाच द्यावा. मनगटाचा हिशेब फसवा असतो आणि दुर्बिणीची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते. आवळून झालं की रेघ पुन्हा दोऱ्याशी ताडून पाहावी.

शेवटची परीक्षा गोळीची. सुरक्षित रेंजवर लांब कागद टांगून त्यावर ओळंब्यानं उभी रेघ आखावी. रेघेच्या तळाशी नेम मिळवावा, मग नेम तिथेच ठेवून दुर्बिणीवरची उंची बदलणारी चकती फिरवत छर्रे वर वर न्यावेत. पाव मिनिटाच्या (हे कोनाचं मिनिट, वेळेचं नव्हे) चकतीचा एक टिचका पन्नास मीटरवर सुमारे ३.६ मिलिमीटर सरकवतो. साठ टिचक्यांत छर्रे बावीस सेंटीमीटर चढतात. ते आखलेल्या रेघेवरून चढले तर बसवणी खरी. बाजूला कलत गेले तर वर आल्यावर किती कलले तेवढं मोजावं : बावीस सेंटीमीटरला एक सेंटीमीटर म्हणजे अडीच अंशांहून किंचित जास्त.

एवढं सगळं ज्याच्यासाठी शिकायचं, त्या हत्याराबद्दल दोन शब्द आवर्जून. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवाबंदुकीला परवाना लागत नाही. वर सांगितलेला छर्रा पंधरा जूलच्या आसपास असतो. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. तिचा छर्रा डोळा कायमचा घेऊ शकतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हवाबंदुकीलाही लागू आहे. उणकलच्या तळ्यावरची पाखरं, आवारातल्या खारी, शेतातले मोर यांच्याकडे नळी वळवणारा कायदा तर मोडतोच, शिवाय या खेळाला बदनाम करतो. अरुणाचल प्रदेशात २०२१ पासून गावकऱ्यांनी आपल्या हवाबंदुका सरकारकडे स्वखुशीनं जमा करायला सुरुवात केली, ती जंगलं मुकी होत चालली म्हणून. ही पुस्तिका फक्त कागदावर नेम धरणाऱ्यांसाठी आहे. दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचं नाही, खिडकीतून रस्त्यावरच्या माणसाकडे पाहायचं नाही, नुसतं पाहण्यासाठी बंदूक उचलायची नाही. पाहायचं असेल तर हातात धरायची दुर्बीण वेगळी मिळते. परवान्याची रायफल असेल तर तिचं काम परवानाधारकानंच, कायद्याच्या चौकटीत राहून करावं.

ही पुस्तिका मराठीत का, असं इथले काही मित्र विचारतात. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत मुलं शाळेत कन्नड आणि इंग्रजी बोलतात, घरी मराठी. त्यांच्या हातात एअर रायफल येते तेव्हा शेजारी आजोबा किंवा काका बसलेले असतात, आणि पाना, स्क्रू, ओळंबा, पाणसळ ही साधनं त्यांच्या हाताखालची असतात. त्यांना समजेल अशा शब्दांत हे लिहिलेलं असेल, तर मुलाच्या रायफलीजवळ एक जाणता माणूस बसेल. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सांगलीकडच्या घरांतही हेच चित्र आहे. घरातलं मोठं माणूस शेजारी असणं ही सुरक्षिततेची पहिली अट, आणि या पुस्तिकेचा तो मोठा हेतू आहे.

हुबळीच्या दाजीबान पेठेतल्या आणि दुर्गदबैलातल्या हार्डवेअरवाल्यांकडे मिळणार नाही असं एकही साधन यात वापरलेलं नाही. एलन कीचा संच, दोरा, बादली, आरसा, टॉर्च आणि छोटी पाणसळ एवढ्यावर सगळं भागतं. घाई करायची नाही, एवढीच एक अट आहे. एक संध्याकाळ पकड आणि डोळा यांना द्यावी, दुसरी आरसा आणि ओळंब्याला. मग रेंजवर जाऊन लांब कागदावर परीक्षा घ्यावी आणि निकाल वहीत तारीख घालून लिहून ठेवावा. पुढे कधी छर्रे भरकटले तर आधी ती वही उघडावी, दोरा टांगावा आणि रेघ पाहावी. वारा, छर्रे आणि दुर्बीण यांची चौकशी त्यानंतर.

अमरगोळ, विजयादशमी